अर्ध्या मॉडेलवर भागतं का?

अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे जे खांब उभे आहेत, त्यांतला स्थानकापासून दूरचा कुठलाही एक घ्या. खाली एकच खांब, वर दोन्ही बाजूंना पसरलेला माथा आणि त्यावर जाणारा-येणारा असे दोन मार्ग. खांबाच्या मधून एक उभी पातळी कल्पिली, तर डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब ठरते. मग ताण काढण्यासाठी अख्खा खांब संगणकात कशाला उभा करायचा, अर्ध्यावर भागणार नाही का?

काँक्रीटच्या स्वतःच्या वजनापुरतं खुशाल भागेल. पण वर्सोवा-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मार्गिका ८ जून २०१४ ला सुरू झाली, आणि तिच्यावर दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच खांबावर एकाच क्षणी क्वचितच येतात. एका मार्गावर भरलेली गाडी असते आणि दुसरा रिकामा असतो. त्या वेळी खांब एका अंगाला वाकतो. नेहमीची सममितीची अट लावलेल्या अर्ध्या मॉडेलवर कुणी गाडीचं वजन ठेवलं, तर सॉफ्टवेअर न विचारता दुसऱ्या मार्गावरही तेवढीच गाडी उभी आहे असं धरून चालतं. दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरतात आणि खांबाच्या बुंध्याशी एकूण बेंडिंग मोमेंट शून्य येतो. पडद्यावर रंगीत चित्र नीट उमटतं, कुठेही तांबडा इशारा दिसत नाही, आणि ज्या कारणासाठी खांबाची जाडी ठरवायची तेच कारण हिशोबातून गळालेलं असतं.

फायनाइट एलिमेंट पद्धतीत सममिती वापरावी की पूर्ण मॉडेल करावं, हा वाद बहुतेक वेळा संगणकाच्या वेळेचा म्हणून मांडला जातो. माझ्या मते तो मुळात वेळेचा नाही. अर्धं मॉडेल करणारा माणूस एक विधान करत असतो: आकार, साहित्य, आधार आणि भार हे चारही सममित आहेत, आणि त्यावर मिळणारं उत्तरही सममितच असणार. पहिल्या चार गोष्टी नकाशावरून आणि भारांच्या तक्त्यावरून पडताळता येतात. पाचवी गोष्ट मात्र भौतिकशास्त्राच्या हवाली असते, आणि बहुतेक फसगत तिथेच होते.

नियम थोडक्यात असे. आरशाच्या सममितीत कापलेल्या पृष्ठावरचा बिंदू त्या पृष्ठाला लंब दिशेने सरकू शकत नाही. शेल किंवा बीम एलिमेंट असतील, तर पृष्ठात पडलेल्या दोन अक्षांभोवती तो फिरूही शकत नाही. प्रतिसममितीत याच्या नेमकं उलट होतं: लंब दिशेला मोकळीक मिळते, पृष्ठातल्या दोन्ही दिशांना सरकणं बंद होतं आणि लंब अक्षाभोवती फिरणंही बंद होतं. या दोन अटींचा जोड हाताशी असला की मेट्रोचा खांबही अर्ध्यावर सुटतो. एका मार्गावरची गाडी म्हणजे दोन्ही मार्गांवर अर्धी-अर्धी गाडी, अधिक एका मार्गावर अर्धी खाली आणि दुसऱ्यावर अर्धी वर. पहिला भाग सममितीच्या अटीवर सोडवायचा, दुसरा प्रतिसममितीच्या, मग बेरीज करायची. ही युक्ती सरळरेषीय गणितातच चालते. तडे, प्लॅस्टिक विरूपण किंवा उघडझाप करणारा सांधा आला की बेरजेचा हक्क संपतो.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची रीत मांडली. त्या रीतीने हाताने फ्रेम सोडवणाऱ्यांना माहीत होतं की मधल्या तुळईचा ताठपणा सममित भाराला निम्मा आणि प्रतिसममित भाराला दीडपट धरला की अर्ध्या फ्रेमवर काम होतं. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा विमानाच्या सांगाड्यावरचा प्रसिद्ध लेख आला, १९६० मध्ये क्लफ यांनी पद्धतीला नाव दिलं, आणि ही सवय तशीच संगणकात शिरली. तेव्हा ती चैन नव्हती, गरज होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेला सीडीसी ३६०० हा देशातला त्या काळचा मोठा संगणक. त्याची स्मृती ४८ बिटांच्या ३२ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या भाषेत २०० किलोबाइटच्या आत. हजार अज्ञातं आणि शंभराची पट्टी असलेलं ताठपणाचं कोष्टक एक लाख आकड्यांचं होतं. ते स्मृतीत मावतच नव्हतं. तेव्हा अर्धं कापणं म्हणजे काम होणं आणि न होणं यांतला फरक होता.

आज तो फरक उरलेला नाही. त्रिमिती घन एलिमेंटच्या मॉडेलला आजचा स्पार्स डायरेक्ट सॉल्व्हर लागू केला, तर वेळ साधारणपणे अज्ञातांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि स्मृती चार-तृतीयांश घाताने. म्हणजे एक-अष्टमांश मॉडेलला वेळ चौसष्टावा हिस्सा आणि स्मृती सोळावा हिस्सा लागते. आकडा मोठा दिसतो. पण पूर्ण मॉडेलही दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सुटत असेल तर चौसष्टपट वाचवून कुणाला काय मिळालं? सीप्झ, मरोळ किंवा पवईतल्या इंजिनिअरिंग सेवा देणाऱ्या ऑफिसात नकाशा सीएडीमधून अख्खाच येतो. तो कापायचा, पृष्ठं निवडायची, अटी लावायच्या, आणि ग्राहकाला समजावायचं की उरलेला भाग गेला कुठे. इंजिनिअरचा तास यंत्राच्या तासापेक्षा महाग पडतो. म्हणून ‘पूर्णच करा’ हा रिवाज पडला, आणि तो सरसकट चुकीचा नाही.

पण त्यात एक तोटा लपलेला असतो. सरकण्याचे आकडे जाड्या मेशवरही लवकर स्थिरावतात, ताणाचे आकडे उशिरा. कोपऱ्याच्या गोलाईत, वेल्डच्या पायाशी, नळीच्या तोंडाशी ताण धरायचा तर मेश बारीक हवा. पूर्ण मॉडेल आठपट मोठं झालं की माणूस नकळत मेश जाडा ठेवतो, आणि अहवालात मॉडेल पूर्ण असतं पण गोलाईतला ताण अर्धवट. तपासणारा मात्र ‘फुल मॉडेल आहे’ एवढं वाचून निश्चिंत होतो. दुसरा तोटा आधारांचा. हवेत तरंगणारी, फक्त आतून दाब असलेली टाकी पूर्ण मॉडेलमध्ये कुठेतरी धरावी लागते, आणि जिथे धरली तिथे खोटा ताण उमटू शकतो. एक-अष्टमांश मॉडेलच्या तीन परस्पर-लंब पृष्ठांनी सहाही मुक्त हालचाली आपोआप थांबतात, वेगळा आधार द्यावाच लागत नाही.

ताणाच्या विश्लेषणात सममितीला सगळ्यात मोठा मान मिळतो तो दाबपात्रांत, आणि हे काम उपनगरांच्या अंगवळणी पडलेलं आहे. एल अँड टीच्या पवईच्या कारखान्यात दाबपात्रं आणि अणुभट्ट्यांचे भाग घडले. गोदरेजच्या विक्रोळीत प्रक्रिया-उद्योगाची अवजड उपकरणं घडली, इस्रोसाठी विकास इंजिनंही. गोल टाकी, आतला दाब, अक्षाभोवती सगळं सारखं: अशा वेळी अख्ख्या टाकीऐवजी तिच्या भिंतीचा एक उभा छेद द्विमितीत सोडवला की पुरतं. भार अक्षाभोवती सारखा नसेल तर त्याचे फूरिए घटक पाडून प्रत्येक घटक वेगळा सोडवायचा; ई. एल. विल्सन यांनी १९६५ मध्ये ही वाट दाखवली. या छेदात शंभर एलिमेंट जाडीत घालता येतात, जे त्रिमितीत कुणी स्वप्नातही करणार नाही.

टाकीला नळी जोडली की छेदाचं राज्य संपतं. नळी मधोमध असेल तर दोन सममित पातळ्या उरतात आणि आतल्या दाबासाठी पाव मॉडेल चालतं. नळीला पुढे पाइप जोडला की तीन बलं आणि तीन मोमेंट येतात, आणि त्यांतलं एखादंच सममितीला मान देतं. आडव्या टाकीचीही तीच गत. दोन सॅडलवर ठेवलेल्या टाकीचं गणित झिक यांनी १९५१ मध्ये मांडलं, आणि नकाशा पाहिला तर पाव मॉडेल अगदी सहज सुचतं. पण उष्णतेने टाकी लांबते म्हणून एक सॅडल घट्ट आणि दुसरा सरकता ठेवतात. लांबीच्या दिशेचा भूकंपभार सगळा घट्ट सॅडलवर जातो. म्हणजे नकाशात दिसणारी दोनपैकी एक सममिती बोल्टच्या लांबट भोकाने मोडलेली असते.

दाबाची दिशा उलटी झाली की खरी परीक्षा. २ मीटर व्यासाची, १० मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याची लांब टाकी घ्या आणि तिच्या आत पूर्ण निर्वात करा. बाहेरून ०.१ मेगापास्कल दाब येईल. अक्षसममित छेद पत्र्यातला ताण १० मेगापास्कल दाखवतो. साध्या पोलादाची उत्पन्न-मर्यादा २५० धरली तर पंचवीसपट सुरक्षितता. प्रत्यक्षात कड्या नसलेली अशी लांब टाकी सुमारे ०.०५५ मेगापास्कललाच, म्हणजे निम्म्या वातावरणाच्या जरा वर, लंबगोल होऊन चेपते. अक्षसममित मॉडेलला लंबगोल होण्याची परवानगीच नव्हती, म्हणून ते गप्प बसलं. पाव मॉडेलला लंबगोल दिसतो, कारण दोन पोटांचा तो आकार दोन्ही आरशांत बसतो. पण कड्या लावून टाकी आखूड केली की पोटांची संख्या वाढते, तीन किंवा पाच होऊ शकते, आणि विषम संख्येचे आकार पाव मॉडेलच्या अटींत बसत नाहीत. ते दोन किंवा चार पोटांचा भार सांगून मोकळं होतं. अर्ध्या मॉडेलमध्ये सगळे आकार येतात. बकलिंगच्या प्रश्नात किती कापलं यावर उत्तर असं बदलतं.

याहून साधं उदाहरण मुलुंड-बोरिवलीच्या कुठल्याही स्टिल्ट पार्किंगमध्ये उभं आहे. दोन खांब, तळाशी पक्के बसवलेले, वर त्यांच्या मानाने अतिशय ताठ तुळई. दोन्ही खांबांवर सारखं वजन. अर्धं मॉडेल घेतलं तर तुळईचा मध्य बाजूला सरकत नाही, फिरतही नाही. म्हणजे खांबाचं वरचं टोकही पक्कं झालं आणि त्याची परिणामी लांबी निम्मी. पूर्ण मॉडेलमध्ये फ्रेम एका बाजूला झुकू शकते आणि परिणामी लांबी अख्खी होते. ऑयलरच्या सूत्रात लांबीचा वर्ग छेदात असतो, म्हणून अर्धं मॉडेल खऱ्याच्या चौपट क्रांतिक भार सांगतं. एलिमेंट, मेश, साहित्य यांपैकी काहीही चुकलेलं नसताना चौपट!

कंपनातही तेच होतं. इमारतीचा पहिला मोड जवळजवळ नेहमी आडवं झुलण्याचा असतो, आणि झुलणं प्रतिसममित आहे. झुलण्याच्या दिशेला सममितीची अट लावली की पहिलाच मोड यादीतून गायब होतो आणि दुसराच कुणीतरी पहिल्या क्रमांकावर येऊन बसतो. सगळे मोड हवे असतील तर अर्ध्या मॉडेलचे दोन आणि पाव मॉडेलचे चार रन करावे लागतात. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पूर्ण मॉडेल केलेलं बरं, हा हिशोब बहुतेकांना पटतो. नितीन गोखले, संजय देशपांडे, संजीव बेडेकर आणि आनंद थिटे यांचं २००८ मध्ये पुण्यातून निघालेलं ‘प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस’ हे पुस्तक या धंद्यातल्या कित्येक टेबलांवर असतं. कंपनासाठी सममितीच्या नादी लागू नये, असा व्यवहारी सल्ला त्यातही आहे. पंखे, टर्बाइन, इंपेलर यांचं चक्रीय सममितीचं मॉडेल त्याला अपवाद. तिथे सॉफ्टवेअर एका पात्याच्या हिश्श्यावरून प्रत्येक नोडल डायमीटर वेगळा काढतं, त्यामुळे काही हरवत नाही.

भूकंपाच्या मानकाने तर सममितीवर अविश्वासच दाखवला आहे, आणि तो रास्त आहे. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत, इमारत कागदावर कितीही सममित असो, वस्तुमानाचं केंद्र रुंदीच्या ०.०५ पटीने हललं आहे असं धरून पीळ तपासायला सांगितलं आहे. एका विंगमध्ये माणसं राहायला आली, दुसरी रिकामी. एका बाजूच्या पाण्याच्या टाक्या भरलेल्या, दुसऱ्या कोरड्या. मानक लिहिणाऱ्यांना वास्तवातली इमारत ठाऊक होती.

वाऱ्याचंही तसंच. १३ मे २०२४ ला घाटकोपरमध्ये वादळात पेट्रोलपंपावर कोसळलेला फलक १२० फूट बाय १२० फूट होता. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. तिथे पाया अपुरा असल्याचं तपासात पुढे आलं, अर्ध्या मॉडेलशी त्या दुर्घटनेचा संबंध जोडायचं काही कारण नाही. पण अशा फलकाचं गणित करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. समोरून येणारा वारा सममित धरता येतो. तिरक्या वाऱ्यासाठी मात्र वाऱ्याच्या भारतीय मानकाने वाऱ्याकडच्या कडेला गुणांकाच्या १.७ पट आणि पलीकडच्या कडेला ०.४४ पट असा उतरता दाब तपासायला सांगितला आहे. त्याने फलक पिळला जातो. फक्त सममितीच्या अटीवर चालवलेल्या अर्ध्या मॉडेलला हा पीळ दाखवताच येत नाही.

आता उलटी बाजू. पूर्ण मॉडेल केलं म्हणजे सुटलो, हा समजही तितकाच धोक्याचा. वरचीच फ्रेम पूर्ण घेतली, मेश दोन्हीकडे हुबेहूब ठेवला आणि भार हळूहळू वाढवत अरेषीय स्थिर विश्लेषण चालवलं, तर फ्रेम सरळच्या सरळ दबत जाईल. क्रांतिक भार ओलांडला तरी झुकणार नाही. झुकायचं कुठल्या बाजूला, हे ठरवायला गणिताकडे कारणच नसतं. पिएर क्युरी यांनी १८९४ मध्ये म्हटलं होतं की कारणांतली सममिती परिणामांत उतरते. आदर्श मॉडेल ते वाक्य तंतोतंत पाळतं. खरा खांब पाळत नाही, कारण तो कधीच नेमका सरळ उभा नसतो. म्हणून आधी बकलिंगचा आकार काढायचा, बांधकामाच्या सहनमर्यादेइतका तो वाकडेपणा मॉडेलमध्ये मुद्दाम पेरायचा आणि मग भार चढवायचा. हे न करता दिलेलं पूर्ण मॉडेल अर्ध्याइतकंच आंधळं असतं, फक्त जास्त वेळ खातं.

कंपोझिटमध्ये डोळ्यांना दिसणारी सममिती आणखी फसवी आहे. चौकोनी पट्टी, चारी कडा सारख्या टेकलेल्या, भार एकसारखा. पण धाग्यांचे थर ४५ अंशांत असतील तर वाकणं आणि पिळणं एकमेकांत गुंततं, आणि पाव पट्टी सोडवून मिळणारं उत्तर चुकतं. थर ० आणि ९० अंशांत असतील तर चालतं. पवईच्या आयआयटीत तरुण कांत यांनी थरांच्या पट्ट्यांवर दीर्घकाळ संशोधन केलं. तो विषय हाताळणाऱ्याला थरांची दिशा हीच मॉडेलची पहिली अट असते. सममितीचं शुद्ध गणित, म्हणजे गटसिद्धान्त वापरून मोठं कोष्टक लहान-लहान स्वतंत्र तुकड्यांत फोडणं, यावर ग्लॉकनर यांच्या १९७३ च्या लेखापासून केपटाऊनच्या झिंगोनी यांच्यापर्यंत बरंच लिहिलं गेलं आहे. सुंदर आहे, पण ऑफिसात कुणी वापरताना दिसत नाही.

ऑफिसातल्या चुका फार साध्या असतात. सममितीच्या पातळीवरच उभा असलेला बिंदुभार अर्धा न करता पूर्ण टाकलेला असतो. पातळीत पडणाऱ्या बीमचं क्षेत्रफळ आणि जडत्व निम्मं करायचं राहून जातं, स्प्रिंगचंही. अर्धा बोल्ट कापलेला असतो, पण पूर्व-ताण अख्ख्या बोल्टचा. आधारावरच्या प्रतिक्रियांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी आली का, एवढं पाहिलं तरी यांतल्या भाराच्या चुका पकडल्या जातात. बोल्टवरून आणखी एक: गॅस्केटच्या फ्लॅंजचे बोल्ट एकामागून एक आवळतात; दुसरा आवळला की पहिला सैल होतो. सगळे एकदम आवळले असं धरणाऱ्या एका बोल्टच्या हिश्श्यात हे दिसणं शक्य नाही.

क्रम हाच शत्रू असलेलं सगळ्यात मोठं काम सध्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखाली आहे. बोरिवली-ठाणे आणि गोरेगाव-मुलुंड या दोन्ही प्रकल्पांत जुळे बोगदे आहेत. पाठ्यपुस्तकांत जुळ्या बोगद्यांचं मॉडेल मधल्या उभ्या पातळीवर कापून एकाच बोगद्याचं करतात, आणि दोन्ही खोदून झाल्यावरच्या सरळरेषीय स्थितीसाठी ते बरोबरही आहे. पण बोगदे एका क्षणी खोदले जात नाहीत. पहिला पुढे जातो, त्याच्याभोवतीचा खडक सैलावतो, अस्तराचा भार बसतो. मग शेजारून दुसरा जातो आणि मधल्या खडकाच्या भिंतीवर नव्याने भार टाकतो. पहिल्या बोगद्याच्या अस्तराला दुसऱ्याचा त्रास सोसावा लागतो, दुसऱ्याच्या वाट्याला आधीच हललेला खडक येतो. दोघांचे ताण सारखे नसतात. शिवाय इथला खडक म्हणजे लाव्हाचे थर, आणि मुंबईकडचे हे थर पश्चिमेकडे कललेले, मध्येमध्ये ब्रेशियाचे पट्टे. डाव्या आणि उजव्या बोगद्याला एकच खडक लागेल याची हमी नाही. इथे मी पूर्ण मॉडेलच मागेन, खोदकामाचे टप्पे घातलेलं. त्याआधी एक अर्धं मॉडेल बारीक मेशने चालवून घेईन, कारण मधल्या भिंतीतला ताण कुठल्या आकड्याच्या आसपास असावा हे ठाऊक नसेल, तर पूर्ण मॉडेलच्या दहाव्या टप्प्यात आलेला आकडा बरोबर की चूक हे कशावरून ठरवायचं? आणि दोन्ही बोगद्यांत बसवलेल्या उपकरणांची मोजमापं येऊ लागली की डाव्याची डाव्याशी, उजव्याची उजव्याशी ताडून पाहता येतील.